एलएलसी रेझोनंट कन्व्हर्टर: टँकच्या गणितापासून स्थिर फीडबॅक लूपपर्यंत

टीव्हीचा पॉवर सप्लाय, सर्व्हरचा सप्लाय, एलईडी ड्रायव्हर, विजेवरच्या गाडीचा चार्जर यांपैकी काहीही उघडलं, तर आत हाफ-ब्रिज एलएलसी रेझोनंट कन्व्हर्टर, म्हणजे दोन मॉसफेट आणि दोन इंडक्टर (एल, एल) व एका कपॅसिटरचा (सी) ‘टँक’ वापरून डीसी व्होल्टेज बदलणारं सर्किट, सापडण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या डिझाइनवर साहित्यही भरपूर आहे. पण बहुतेक लेख गेनचा आलेख काढून थांबतात आणि फीडबॅक लूपची (आउटपुट मोजून स्विचिंग फ्रिक्वेन्सी दुरुस्त करणाऱ्या साखळीची) वेळ आली की ‘कॉम्पेन्सेटर योग्य निवडावा’ असं एक वाक्य टाकून मोकळे होतात. मग बोर्ड १०० वॉटला शांत चालतो, २०० वॉटला आउटपुटवर काही किलोहर्ट्झचे हेलकावे दिसतात, आणि इनपुट थोडं खाली आलं की सप्लाय बंदच पडतो. कॉम्पेन्सेटरमधला, म्हणजे लूप स्थिर ठेवणाऱ्या सर्किटमधला, रेझिस्टर बदलत बसण्याने हे सुटत नाही. या सर्किटमध्ये आपण ज्याला नियंत्रित करतो तो प्लांटच लोड आणि व्होल्टेजबरोबर बदलतो. म्हणून आधी प्लांट ओळखायचा, कंट्रोलरला हात नंतर लावायचा.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. पीएफसीनंतरचा (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या टप्प्यानंतरचा) ३९० व्होल्ट डीसी बस, तो खाली ३४० आणि वर ४१० पर्यंत जाऊ शकतो. आउटपुट २४ व्होल्ट, १० अँपिअर. दुय्यम बाजूला सेंटर-टॅप आणि शॉट्की डायोड. रेझोनन्स १०० किलोहर्ट्झला.

पायरी १: टँकचे आकडे

हाफ-ब्रिजमुळे टँकला बसच्या निम्मा व्होल्टेज मिळतो, म्हणजे १९५. आउटपुटमध्ये डायोडचा ड्रॉप धरून २४.४ घेतले, तर टर्न्स रेशो ८ येतो. आता लागणारा गेन, म्हणजे टँकने व्होल्टेज किती पट करायचा ते, काढा. ३९० ला तो बरोबर १, ४१० ला ०.९५ आणि ३४० ला १.१५.

लोड प्राथमिक बाजूला एसी रेझिस्टन्स म्हणून कसा दिसतो, त्याचं सूत्र:

एसी रेझिस्टन्स = (८ ÷ पाय²) × टर्न्स रेशोचा वर्ग × लोड रेझिस्टन्स

इथे लोड २.४ ओहम, म्हणून १२४.५ ओहम. क्यू (टँकचा इम्पीडन्स भागिले एसी रेझिस्टन्स) सुमारे ०.४ आणि इंडक्टन्सचं गुणोत्तर, म्हणजे एलएम (ट्रान्सफॉर्मरचा मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स) भागिले एलआर (रेझोनंट इंडक्टर), ५ धरू. क्यू गुणिले एसी रेझिस्टन्स म्हणजे टँकचा इम्पीडन्स, सुमारे ५० ओहम. त्यावरून सीआर (रेझोनंट कपॅसिटर) ३२ नॅनोफॅरडच्या आसपास येतो. बाजारात ३३ मिळतो, तो घ्या आणि एलआर ७७ मायक्रोहेन्री करा. कपॅसिटर बाजारात ठरावीक मूल्यांतच मिळतो, इंडक्टर मात्र आपण स्वतः गुंडाळतो, म्हणून तडजोड नेहमी इंडक्टरच्या बाजूने करावी. एलएम ३८५ मायक्रोहेन्री. प्रत्यक्ष क्यू आता ०.३९.

सीआर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचाच हवा. १०० किलोहर्ट्झ आणि पूर्ण लोडला त्यातून साधारण १.६ अँपिअर आरएमएस वाहतो. १९५ व्होल्टच्या डीसीवर १०७ व्होल्ट शिखराचा एसी चढलेला असतो. फ्रिक्वेन्सी खाली आली की हा एसी आणखी वाढतो. ६३० व्होल्टचं रेटिंग ठीक, पण ते डीसीचं असतं. डेटाशीटमध्ये १०० किलोहर्ट्झला एसी किती चालतो, तो आलेख वेगळा पाहायचा.

ट्रान्सफॉर्मरसाठी ईटीडी३९ कोअर पुरतो. प्राथमिक ३२ वेढे, दुय्यम ४ अधिक ४. ७४ किलोहर्ट्झला फ्लक्सचं शिखर ०.१६५ टेस्ला भरतं. ३८५ मायक्रोहेन्रीसाठी एअर गॅप सुमारे ०.४२ मिलिमीटर. पहिल्यांदा करत असाल तर एलआर वेगळा इंडक्टर ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समधून तो मिळवण्याची युक्ती स्वस्त आहे, पण मग एलआर बदलायचा तर ट्रान्सफॉर्मरच नव्याने गुंडाळावा लागतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोअर घेताना नुसता आकार पाहू नका, मटेरियलचा ग्रेडही विचारा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन फेराइटचा १०० किलोहर्ट्झवरचा लॉस कितीतरी वेगळा असू शकतो.

पायरी २: गेनच्या आलेखावरून तीन गोष्टी टिपा

फर्स्ट हार्मोनिक अ‍ॅप्रॉक्सिमेशन, म्हणजे टँकमध्ये फक्त मूळ साइन लहर आहे असं गृहीत धरणं. यात एफ म्हणजे स्विचिंग भागिले रेझोनंट फ्रिक्वेन्सी, आणि के म्हणजे आपलं ५ हे गुणोत्तर:

गेन = के × एफ² ÷ √( ((के + १) × एफ² − १)² + (क्यू × के × एफ × (एफ² − १))² )

स्प्रेडशीटमध्ये हे टाका आणि क्यूच्या तीन मूल्यांसाठी आलेख काढा.

पहिली गोष्ट, चालण्याची पट्टी. पूर्ण लोडला १.१५ गेन ७४ किलोहर्ट्झच्या आसपास मिळतो, ०.९५ गेन ११४ ला. रिकाम्या लोडला ०.९५ साठी ११६ लागतात. पट्टी अरुंद आहे, हे चांगलं लक्षण.

दुसरी, उतार. रेझोनन्सवर या आलेखाचा उतार लोड कितीही असो, उणे २ भागिले के एवढाच येतो. आपल्याकडे उणे ०.४. म्हणजे १ किलोहर्ट्झला आउटपुट सुमारे ०.१ व्होल्ट हलतो. ७४ किलोहर्ट्झला हाच उतार १ किलोहर्ट्झला ०.१८ व्होल्टच्या जवळ जातो. कंट्रोलरला जाणवणारा डीसी गेन इथेच ५ डेसिबलने बदलला. के मोठं घेतलं की मॅग्नेटायझिंग करंट कमी होतो, कार्यक्षमता वाढते, पण उतार सपाट होतो आणि फ्रिक्वेन्सीची पट्टी पसरते. के चा निर्णय निम्मा कंट्रोलचा आहे तो असा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शिखर. पूर्ण लोडला शिखर ४९ किलोहर्ट्झजवळ, गेन १.४२. हे पाहून पुष्कळ जण किमान फ्रिक्वेन्सी ५० किलोहर्ट्झ ठेवून निवांत होतात. आता लोड दीडपट करून पाहा. क्यू ०.५८ होतो, शिखर ६४ किलोहर्ट्झवर सरकतं आणि उंची १.१२ वर उतरते. शिखराच्या डावीकडे उताराचं चिन्ह उलटतं: फ्रिक्वेन्सी कमी केली की आउटपुट वाढायच्या ऐवजी पडतो. कंट्रोलर आणखी कमी करतो, आउटपुट आणखी पडतो. निगेटिव्ह फीडबॅकचा पॉझिटिव्ह होतो. वर तिथे टँक कपॅसिटिव्ह असल्याने झीरो व्होल्टेज स्विचिंग (मॉसफेटवरचा व्होल्टेज शून्य असताना तो चालू होणं) जातं आणि एका मॉसफेटचा बॉडी डायोड पूर्ण बंद व्हायच्या आत दुसरा चालू होतो. मॉसफेट फुटतात ते इथेच. किमान फ्रिक्वेन्सीची मर्यादा ७० किलोहर्ट्झ ठेवा. तिथे पूर्ण लोडला गेन १.१९ मिळतो, गरजेपेक्षा थोडा जास्त. ओव्हरलोडची काळजी करंट लिमिटने घ्यायची, फ्रिक्वेन्सीने नाही.

हे गणित शिखराजवळ खऱ्यापेक्षा कमी गेन दाखवतं, कारण रेझोनन्सच्या खाली लहरी साइनसारख्या राहत नाहीत. चूक सुरक्षित बाजूची आहे, तरी शेवटचे आकडे टाइम-डोमेन सिम्युलेशनमधून पक्के करा.

पायरी ३: डेड टाइम

डेड टाइम म्हणजे दोन्ही मॉसफेट बंद असण्याचा छोटा काळ. हे पटकन उरकता येतं. १०० किलोहर्ट्झला मॅग्नेटायझिंग करंटचं शिखर:

१९५ ÷ (४ × ३८५ मायक्रोहेन्री × १०० किलोहर्ट्झ) = १.२७ अँपिअर

दोन्ही मॉसफेटचा आउटपुट कपॅसिटन्स प्रत्येकी १५० पिकोफॅरड धरला, तर ११७ नॅनोकूलॉम चार्ज हलवायचा आहे. त्याला ९२ नॅनोसेकंद लागतात, ११६ किलोहर्ट्झला सुमारे १०७. डेड टाइम २०० नॅनोसेकंद ठेवा. डेटाशीटमधला कपॅसिटन्स ‘टाइम रिलेटेड’ म्हणून दिलेला घ्यायचा, २५ व्होल्टला मोजलेला नाही.

पायरी ४: सरासरीचं मॉडेल का चालत नाही

बक कन्व्हर्टरचं मॉडेल आपण एका स्विचिंग सायकलची सरासरी घेऊन करतो. मिडलब्रुक आणि चुक यांनी १९७६ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही पहिल्यांदा शिकवली जाते. तिची अट अशी की इंडक्टरच्या करंटमध्ये मोठा भाग डीसीचा असावा आणि रिपल छोटा. रेझोनंट टँकमध्ये नेमकं उलटं आहे. करंटची सरासरी शून्य, सगळी ऊर्जा रिपलमध्येच. सरासरी घेतली की टँक गणितातून गायबच होतो.

उपाय असा: टँकमधल्या लहरीऐवजी तिच्या एन्व्हलपचा, म्हणजे साइन आणि कोसाइन घटकांच्या उंचीचा मागोवा घ्यायचा. वॉर्पेरियन यांनी १९८० च्या दशकात कॅलटेकमध्ये रेझोनंट कन्व्हर्टरच्या स्मॉल-सिग्नल विश्लेषणाचा पाया घातला. १९९० च्या दशकात व्हर्जिनिया टेकमध्ये एरिक यांग यांनी एक्स्टेंडेड डिस्क्रायबिंग फंक्शनची पद्धत रचली. करायचं ते असं:

१. चार मूळ समीकरणं लिहा: एलआरचा करंट, सीआरचा व्होल्टेज, एलएमचा करंट, आउटपुट कपॅसिटरचा व्होल्टेज.

२. पहिल्या तिन्हींना साइन आणि कोसाइन असे दोन-दोन घटक द्या. डेरिव्हेटिव्ह घेताना प्रत्येक घटकाच्या समीकरणात ‘ओमेगा गुणिले दुसरा घटक’ असं पद उगवतं, एकात अधिक चिन्हाने, दुसऱ्यात उणे. फ्रिक्वेन्सी हा कंट्रोल इनपुट मॉडेलमध्ये शिरतो तो याच दारातून.

३. नॉनलिनिअर भागांना त्यांच्या मूळ लहरीने बदला. हाफ-ब्रिजचा चौकोनी व्होल्टेज म्हणजे २ भागिले पाय गुणिले बस एवढ्या उंचीची साइन. रेक्टिफायर प्राथमिक बाजूला ४ भागिले पाय गुणिले टर्न्स रेशो गुणिले आउटपुट एवढा व्होल्टेज दाखवतो, करंटच्या फेजमध्ये. आउटपुटला मिळणारा करंट २ भागिले पाय गुणिले टर्न्स रेशो गुणिले करंटची उंची.

४. आता सात समीकरणं झाली. सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य करून स्थिर बिंदू काढा. तो पायरी २ च्या गेनशी जुळला नाही तर कुठेतरी चिन्ह चुकलंय, पुढे जाऊ नका.

५. त्या बिंदूभोवती लिनिअराइझ करा. हाताने करण्यात पुण्य नाही. पायथॉन किंवा ऑक्टेव्हमध्ये प्रत्येक चलाला किंचित धक्का देऊन मॅट्रिक्स काढा आणि फ्रिक्वेन्सी-टू-आउटपुट बोडे प्लॉट (गेन आणि फेज दाखवणारा आलेख) छापा.

पायरी ५: प्लॉट वाचणं

रेझोनन्सच्या वर चालताना स्विचिंग आणि रेझोनंट फ्रिक्वेन्सीच्या फरकाएवढ्या ठिकाणी एक डबल पोल (जिथून गेन वेगाने पडू लागतो आणि फेज मागे जाते ती जागा) दिसतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात हेलकावे येतात, आणि तारा जुळत जातील तसे ते संथ होतात. इथेही तसंच. ११४ किलोहर्ट्झला चालत असताना हा पोल १४ किलोहर्ट्झच्या भागात असतो. १०० कडे सरकलात की तो खाली उतरतो, रेझोनन्सजवळ फुटून दोन होतो, आणि त्यातला एक आउटपुट कपॅसिटरच्या पोलशी जोडी जमवतो.

ती जोडी कागदावरही काढता येते. रेझोनन्सवर सिरीज एलसीचा एन्व्हलप इंडक्टन्स एलआरच्या दुप्पट असतो, इथे १५४ मायक्रोहेन्री. तो आउटपुटला आणायला पाय² भागिले (८ × टर्न्स रेशोचा वर्ग) ने गुणायचं: २.९७ मायक्रोहेन्री. आउटपुट कपॅसिटर १००० मायक्रोफॅरड असेल, तर डबल पोल २.९ किलोहर्ट्झला. हा १००० तीन-चार कपॅसिटर समांतर जोडून करा, कारण त्यातून ४.८ अँपिअर आरएमएस रिपल जातो. एकत्रित ईएसआर (कपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स) १५ मिलिओहम धरला तर झीरो (पोलच्या उलट वागणारी जागा) १०.६ किलोहर्ट्झला पडतो. एलसीचा स्वतःचा इम्पीडन्स ५४ मिलिओहम. ईएसआर आणि वाइंडिंगचा रेझिस्टन्स मिळून २५ च्या आसपास, म्हणून या डबल पोलचा क्यू सुमारे २. लोड काढून घेतला तरी हे डॅम्पिंग फारसं बदलत नाही. भारी, अतिशय कमी ईएसआरचे कपॅसिटर लावून रिपल कमी झाला पण लूप थरथरू लागला, असं दिसलं तर कारण इथे शोधा.

रेझोनन्सच्या खाली एलएम खेळात उतरतो, परिणामी इंडक्टन्स वाढतो आणि डबल पोल आणखी खाली जातो. डीसी गेन वाढलेला असतोच.

मॉडेल पडताळायला सिम्प्लिस, पीसिम किंवा प्लेक्समध्ये स्विचिंग सर्किटवरच एसी स्वीप चालवा. काही किलोहर्ट्झपर्यंत दोन्ही आलेख एकमेकांवर बसायला हवेत.

पायरी ६: कॉम्पेन्सेटर

क्रॉसओव्हर (लूप गेन १ वर येतो ती फ्रिक्वेन्सी) किती ठेवायचा हे मनावर नाही, गरजेवर ठरतं. आपल्याकडे मेन्स ५० हर्ट्झ, म्हणून पीएफसीच्या बसवर १०० हर्ट्झचा रिपल असतो. तो २० व्होल्ट पीक-टू-पीक आहे असं समजा. लूप नसता तर १६ ने भागून १.२५ व्होल्ट आउटपुटवर उतरला असता. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा असेल तर १०० हर्ट्झला लूप गेन २५ पट, म्हणजे २८ डेसिबल लागतो.

नुसत्या इंटिग्रेटरने हे करायचं तर क्रॉसओव्हर २.५ किलोहर्ट्झला येतो, नेमका डबल पोलच्या तोंडावर. तिथे गेनला टेकाड आहे आणि फेज कोसळतेय. लूप ओरडणार. म्हणून टाइप-३ घ्या:

इंटिग्रेटर, दोन झीरो २.२ किलोहर्ट्झला, एक पोल ईएसआरच्या झीरोवर म्हणजे १०.६ ला, दुसरा ४५ किलोहर्ट्झला. क्रॉसओव्हर ६ किलोहर्ट्झ.

१०० हर्ट्झला सुमारे २८ डेसिबल मिळतात आणि फेज मार्जिन (अस्थिर होण्यापासूनचं अंतर) ६० अंशांच्या जवळ. हा हिशेब ३९० व्होल्टचा. ३४० ला गेन ५ डेसिबल वाढलेला आणि डबल पोल सरकलेला, म्हणून सातही समीकरणं तिथे पुन्हा चालवून ४५ अंश उरतात का ते पाहा. उरत नसतील तर क्रॉसओव्हर खाली आणा आणि पीएफसीचा बस कपॅसिटर वाढवा. कंट्रोलचा प्रश्न कधी कधी कपॅसिटरच्या पैशाने सुटतो आणि त्यात कमीपणा नाही.

ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पलीकडे नेणारा भाग) वापरत असाल तर त्याचा स्वतःचा पोल या ६० अंशांतून बरंच खाऊन टाकतो. पुल-अप रेझिस्टर मोठा, तितका पोल खाली. तो डेटाशीटवरून अंदाजू नका, बोर्डवर मोजा.

मायक्रोकंट्रोलरवाल्यांसाठी दोन सापळे आहेत. पहिला विलंब. सायकलला एक सॅम्पल आणि पुढच्या सायकलला अपडेट धरलं, तर एकूण विलंब दीड सायकल. ७४ किलोहर्ट्झला २० मायक्रोसेकंद, ६ किलोहर्ट्झला ४४ अंश. ६० मधून ४४ गेले की उरतं काय? अपडेटच्या अगदी आधी सॅम्पल घ्या, गणित आटोपशीर ठेवा, विलंब १० मायक्रोसेकंदांवर आणला की नुकसान २२ अंशांचं होतं. तरीही क्रॉसओव्हर ४ किलोहर्ट्झच्या आसपास उतरवणं शहाणपणाचं, आणि मग बसच्या व्होल्टेजचा फीडफॉरवर्ड देऊन १०० हर्ट्झचा रिपल आधीच मारायचा.

दुसरा सापळा रिझोल्यूशनचा. १०० मेगाहर्ट्झ क्लॉकवर १०० किलोहर्ट्झचा पीरियड म्हणजे १००० काउंट. एका काउंटने फ्रिक्वेन्सी १०० हर्ट्झ, आउटपुट सुमारे १० मिलिव्होल्ट हलतो. १२ बिटचा एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) ३० व्होल्टच्या पल्ल्यावर ७.३ मिलिव्होल्टची पायरी पाहू शकतो. एडीसीला जे दिसतं ते पीडब्ल्यूएमला (स्विचिंगचे पल्स बनवणाऱ्या भागाला) देताच येत नाही, म्हणून लूप दोन काउंटमध्ये कायम उड्या मारत राहतो. हाय-रिझोल्यूशन पीडब्ल्यूएम असलेला कंट्रोलर निवडा.

दुसरा रस्ता: चार्ज कंट्रोल

फ्रिक्वेन्सी थेट न बदलता, अर्ध्या सायकलमध्ये टँकला किती चार्ज गेला यावर स्विच बंद करायचा. सीआरवरच्या व्होल्टेजवरून तो चार्ज समजतो. यात त्रासदायक डबल पोल फुटून प्लांट जवळपास एका पोलचा राहतो, बसचा रिपलही बराचसा आपोआप जिरतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची यूसीसी२५६४०एक्स मालिका याच जातीची, ऑनसेमीचा एनसीपी१३९९ करंट-मोडवर चालतो. एसटीचा एल६५९९ मात्र सरळ फ्रिक्वेन्सी कंट्रोलचा. नवीन अ‍ॅनालॉग प्रॉडक्ट करायचं असेल तर मी चार्ज किंवा करंट मोडच निवडेन. बॅटरी चार्जरसारखं आउटपुट व्होल्टेज खूप फिरणारं, डिजिटल काम असेल तर वरचं सगळं टाळता येत नाही.

पायरी ७: बोर्डवर

आधी एलसीआर मीटरने १०० किलोहर्ट्झला मोजा: दुय्यम उघडं ठेवून एलआर अधिक एलएम, दोन्ही दुय्यम शॉर्ट करून एलआर आणि लीकेज मिळून. लीकेजमुळे खरा रेझोनन्स खाली आला असेल, तर एलआरचे वेढे कमी करा.

पहिला वीजप्रवाह ४० व्होल्टच्या बेंच सप्लायवरून द्या, लूप उघडा ठेवून, १०० किलोहर्ट्झ स्थिर. आउटपुट २ व्होल्टच्या आसपास दिसायला हवा. मग इनपुट हळूहळू वाढवत स्विचिंग नोडवर नजर ठेवा: गेट चालू होण्याआधी नोड आपणहून पूर्ण वर-खाली गेला पाहिजे. ४०० व्होल्ट डीसी जिवावर बेतणारा आहे. डिफरेन्शियल प्रोब वापरा, स्कोपचं अर्थिंग कापण्याची युक्ती नको, आणि बंद केल्यावर बस कपॅसिटर रिकामा झाल्याचं मीटरने पाहिल्याशिवाय हात घालू नका.

सॉफ्ट-स्टार्ट २५० किलोहर्ट्झपासून खाली येऊ द्या. हलक्या लोडला फ्रिक्वेन्सी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की बर्स्ट मोड (थोडे पल्स, मग विश्रांती). बर्स्टची पुनरावृत्ती ऐकू येणाऱ्या पट्टीत पडली तर ट्रान्सफॉर्मर शिट्टी वाजवतो. वार्निशने ती कमी होते, थांबत नाही.

शेवटी लूप मोजा. फीडबॅक डिव्हायडरच्या वरच्या टोकाला २० ते ५० ओहमचा रेझिस्टर टाकून त्यावर छोटा सिग्नल इंजेक्ट करा. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अ‍ॅनलायझर नसेल तर फंक्शन जनरेटर, छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि दोन चॅनेलचा स्कोप यांवरही काम होतं, वेळ लागतो एवढंच. ३४०, ३९० आणि ४१० व्होल्ट, प्रत्येकाला १०, ५० आणि १०० टक्के लोड, अशा नऊ जागी मोजमाप घ्या आणि प्रत्येक आलेख मॉडेलवर ठेवून पाहा. ३४० व्होल्ट आणि पूर्ण लोडचा कोपरा आधी उरका, मार्जिन सगळ्यात आधी तिथेच संपतं. त्यानंतर लोडला १० वरून ९० टक्क्यांचा झटका देऊन किमान फ्रिक्वेन्सीची ७० किलोहर्ट्झची मर्यादा खरोखर पाळली जाते का, ते स्कोपवर पाहा.